मुलगी चुकली की चौकट?

महोदय,

आपल्या पुरवणीत ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणजे पाठांची आखणी, या नव्या करिअरवरचा लेख वाचला. पगार, कंपन्या, सॉफ्टवेअर सगळे आले होते, पण हा माणूस दिवसभर करतो काय, ते काही कळले नाही. योगायोगाने त्याच आठवड्यात मी भाचीबरोबर अशाच एका अभ्यासक्रमाच्या चौकशीला गेले होते. माहितीपत्रकात आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, एलएमएस अशी सॉफ्टवेअरची नावेच नावे. मी खिडकीवरच्या मुलाला विचारले, ‘‘तयार केलेला पाठ मुलांपुढे ठेवून तपासायला किती दिवस देता?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, एनी जरूर नथी, टेम्प्लेट तैयार ज आवे छे.’’ म्हणजे त्याची गरज नाही, साचा तयारच येतो. भाची माझ्याकडे बघून हसली. मला हसू आले नाही.

त्याचे कारण जुने आहे. १९७८ साली मी इथल्या सयाजीराव विद्यापीठात एम.एड. करत होते. क्रमान्वित अध्ययनाचे दिवस होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५४ च्या सुमारास अध्यापनयंत्र दाखवले, आणि एकेक लहान पायरी, लगेच उत्तर, लगेच पडताळा ही पद्धत पुढे आपल्याकडेही आली. बडोद्यात त्यावर बरेच संशोधन झाले. आम्ही अपूर्णांकांवर चौकटी लिहिल्या, म्हणजे एका पायरीचा मजकूर आणि त्यावरचा प्रश्न, स्टेन्सिल कापले, सायक्लोस्टाइल करून हात काळे करून घेतले. एका चौकटीत दोन पोळ्या काढल्या होत्या, एकीचा अर्धा भाग रंगवलेला, दुसरीचा एकतृतीयांश. ‘मोठा भाग कोणता?’ पाचवीतली मुलगी ठामपणे म्हणाली, ‘‘दोन्ही सारखेच.’’ मी पुन्हा विचारले, तरी तेच. मग तिनेच दाखवले, ‘‘बाई, ही दुसरी पोळी मोठी आहे ना.’’ खरेच होती. स्टेन्सिलवर हाताने गोल काढताना माझा हात सैल पडला होता. मी वहीत तिच्या नावापुढे फुली मारली, तेव्हा आमच्या मार्गदर्शक बाईंनी ती खोडायला लावली. म्हणाल्या, ‘‘मुलगी चुकली नाही, तुझी चौकट चुकली.’’ त्यानंतर नियमच ठरला. चौकट आधी एका मुलाला द्यायची, दुरुस्त करायची, मग सात-आठ जणांना, मग अख्ख्या वर्गाला.

आज ज्याला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो सैनिकांना झटपट शिकवायचे होते, तेव्हा मानसशास्त्रज्ञ कामाला लागले आणि ही विद्या वाढली. शिकणाऱ्याला आधी काय येते, नंतर काय यायला हवे, आणि ते आले हे कशावरून कळणार, एवढेच तर त्यात असते. स्टोरीबोर्ड, अॅनिमेशन ही नंतरची सजावट. सॉफ्टवेअरचे तर विचारूच नका. अडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे अॅनिमेशनचे सॉफ्टवेअर बंद केले आणि त्यात रचलेले कितीतरी पाठ पडद्यावर उघडेनासे झाले. फक्त फ्लॅश शिकलेल्यांना पुन्हा पहिलीत बसावे लागले असणार.

पर्याय नाहीत असे नाही. मुंबईत एसएनडीटीमध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. करता येते, नोकरी सांभाळणाऱ्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका आहे. पण घरची जमापुंजी बघून मुलीला मुंबईला ठेवायचे म्हटले की आमच्या दांडिया बाजारातल्या बऱ्याच घरांत बोलणे तिथेच थांबते.

आता बडोद्याचा माणूस सयाजीरावांपर्यंत गेल्याशिवाय पत्र संपवत नाही, तेव्हा तेही सांगून टाकते. महाराजांच्या ग्रंथालय खात्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दृक्-शिक्षणाची वेगळी शाखा होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात, लोकांना चलच्चित्रे दाखवली जात. देशातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा डॉ. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये इथल्याच प्रगत अध्ययन केंद्रातून निघाला. आज विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र एका विद्याशाखेत, चित्रकलेसाठी ललितकला, यंत्रासाठी १८९० च्या कलाभवनातून वाढलेली तंत्रज्ञान शाखा. या तिघांनी मिळून दोन वर्षांची पदवी चालवावी, त्यातले एक सत्र विद्यार्थ्यांनी महापालिकेच्या शाळांत काढावे, गुजराती आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या, आणि मुलांपुढे तपासून दुरुस्त केलेल्या पाठावरच गुण द्यावेत. प्रयोगशाळा बांधायला नको, वर्ग आहेतच. विद्यापीठातल्या जाणकारांनी यावर आपल्या दैनिकात लिहावे, ही विनंती.

भाचीने अजून फी भरलेली नाही. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे