सूर्यफुलं बघा, पण बांधावरून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत कुठे फिरायला जावं हे सांगणाऱ्या पानावर आपण उन्हाळी सूर्यफुलांची शेतं आणि कामशेतजवळची हॉट एअर बलूनची सफर शेजारी शेजारी छापलीत. वाचून बरं वाटलं. ज्या पिकाकडे आता शेतकरीही फारसे वळत नाहीत, ते बघायला शहरातली माणसं पहाटे उठून गाडी काढतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ती बाग नव्हे, कुणाचं तरी उभं पीक आहे, एवढं एक वाक्य त्या माहितीत हवं होतं. त्यासाठीच हे पत्र.

जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेलं सूर्यफूल साधारण दोन महिन्यांनी फुलोऱ्यात येतं आणि जेमतेम आठ-दहा दिवस पिवळंधमक दिसतं. नेमक्या त्याच दिवसांत दाणा धरतो. संकरित सूर्यफुलाच्या झाडाला एकच तबक, म्हणजे एकच फूल, येतं. ते तोडलं किंवा मान मोडली, की त्या झाडाचा हंगाम तिथेच संपला, कारण दुसरं फूल येत नाही. दाणा भरायला मधमाश्या लागतात. माश्या कमी दिसल्या तर घरातल्या बाया सकाळच्या वेळी हाताला मऊ फडकं गुंडाळून एकेका तबकावरून हलकेच फिरवतात, म्हणजे पराग इकडचा तिकडे जातो. फोटो काढायला येणाऱ्यांचीही हीच वेळ. दोन ओळींत अंतर दोन फूट. त्यातून चार-पाच जणांचा घोळका आत शिरला, की झाडं मोडतात आणि माश्या उठतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात रस्त्याकडेच्या एका शेतात हेच झालं. कडेच्या ओळी तुडवल्या गेल्या आणि तोडलेली तबकं बांधावर पडली होती. त्या घरच्या म्हाताऱ्या आजी पुढे पंधरा दिवस पोपट हाकलायला मचाणावर बसायच्या. पाखरांची राखण करता येते, पण माणसांना कोण हाकलणार?

हे नुकसान किरकोळ वाटेल. पण 1990च्या दशकाच्या सुरुवातीला देशात वीस लाख हेक्टरांहून जास्त सूर्यफूल होतं, आज त्याचा दहावा हिस्सा राहिला असेल-नसेल. स्वस्त आयात तेल, विषाणूमुळे येणारा नेक्रोसिस रोग आणि पाखरं यांनी शेतकरी हरला. 2022 साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि तिकडून येणारं आपल्या फोडणीचं तेल महागलं, ते यामुळेच. 2025-26च्या हंगामाला क्विंटलमागे 7,721 रुपये हमीभाव जाहीर झाला होता, पण बाजारात हमीभाव हातात पडेलच याची खात्री नसते. अशा स्थितीत ज्यानं हे पीक धरून ठेवलंय, त्याचं एक तबकही फुकट जाऊ नये.

आता बलूनचं बघा. बलून पायलटला खालीवर करता येतं, दिशा मात्र वाऱ्याची. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगळा वाहतो, त्याचा अंदाज घेत तो पुढे सरकतो आणि शेवटी कुणाच्या तरी रानात उतरतो. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या बलून महोत्सवातला एक बलून असाच सीमा ओलांडून केरळच्या पालक्काड जिल्ह्यात शेतात उतरला होता. हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. 27 ऑगस्ट 1783 रोजी पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा बलून गोनेस गावाच्या रानात पडला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी दाताळी घेऊन तो फाडून टाकला. पुढे बलूनवाल्यांनी आपली रीत बसवली. ब्रिटनमध्ये तर त्यांच्या संघटनेचे नियमच आहेत: उभं पीक आणि जनावरं टाळून उतरायचं, जमीनमालकाला आधी शोधायचं आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय बलून न्यायला आलेली गाडी शेतात घालायची नाही. शेतकऱ्याला दारूची बाटली भेट द्यायची चालही जुनी आहे. ज्यांना कुठे उतरू हे आधी ठरवता येत नाही, त्यांनी एवढं पाळलं. आपण तर रस्त्यावर गाडी थांबवून, चप्पल सावरत, आपल्या पायांनी शेतात शिरतो!

आणि आत शिरायची खरोखर गरजच नाही. कोवळी कळी सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते, पण उमललेलं तबक पूर्वेला तोंड करून स्थिर होतं. म्हणून सकाळी पूर्वेच्या बांधावर उभं राहिलं, की अख्खं शेत आपल्याकडे बघतं आणि ऊनही फुलांवर असतं. याहून चांगला फोटो मधे घुसून मिळत नाही.

म्हैसूरहून उटीला जाताना लागणाऱ्या गुंडलूपेटला पावसाळ्यात सूर्यफुलं फुलतात. तिथले काही शेतकरी फोटोसाठी थोडे पैसे घेतात. मला ते अगदी योग्य वाटतं. आपल्या महाराष्ट्राचं 2020चं कृषी पर्यटन धोरण राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या केंद्रांसाठी चांगलं आहे, पण आठ दिवस फुलणाऱ्या दोन एकरांसाठी तेवढा खटाटोप कोण करणार? ग्रामपंचायतीनं रस्त्याकडेला एक पाटी लावावी, गाड्या कुठे थांबवायच्या ते ठरवावं आणि माणशी ठरलेली रक्कम शेतमालकाच्या हातात जाईल असं बघावं. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर एका बैठकीत होणारं काम आहे.

आपल्याला विनंती इतकीच, की यापुढे अशा शेतांचा पत्ता छापण्याआधी मालकाला विचारावं आणि त्याची हरकत नसेल तर बघायची वेळ, गाडी लावायची जागा आणि द्यायचे पैसे त्याच चौकटीत छापावेत. खरीप सूर्यफुलं ऑगस्टच्या सुमारास फुलतील, तेव्हाच्या पानापासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, औसा (जि. लातूर)