एफ१२ ऐकत नव्हतं ते मशीन

सेलू, रविवार रात्र

प्रिय गड्या,

परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं. गिऱ्हाईक आलं आणि ठेवावा लागला. तुझ्या दुकानातही माझ्यासारखंच जुनं कॉम्प्युटरचं मशीन आहे, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो.

पीकविम्याचे दिवस तुला माहीतच आहेत. सकाळी आठपासून माणसं सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन दारात उभी असतात, आणि नेमकं त्यातच मशीन मधेच बंद पडायलं. एका म्हाताऱ्या बाबांचा फॉर्म तीनदा अर्ध्यावर गेला. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते पायरीवर जाऊन बसले. ते मला फार लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, 'बोर्ड गेला, नवीनच घ्या.' एवढे पैसे घालण्याआधी मशीनलाच विचारावं म्हणलं. रॅम (चालू कामाची मेमरी), हार्डडिस्क, पंखा तपासायची सोय आतच असते. माझ्या मशीनला चालू करताना कीबोर्डवरचं एफ१२ बटण दाबलं की तो मेनू येतो. काही कंपन्यांच्या मशीनला एस्केप किंवा एफ२ लागतं.

पण मेनू येईचना! वीस वेळा तरी दाबलं असेल, दर वेळी थेट विंडोजच.

आधी वायरलेस कीबोर्ड काढला. विंडोज सुरू झालेलं नसताना त्याच्या यूएसबीतल्या छोट्या डोंगलचा भरवसा नसतो. वायरचा कीबोर्ड हबमधून न लावता सीपीयूच्या मागे, काळ्या यूएसबीत लावला. निळ्या पोर्टात जुन्या बोर्डांवर कधीकधी सुरुवातीला कीबोर्ड ओळखतच नाही. प्रिंटर, पेनड्राइव्ह, अंगठ्याचं मशीन सगळं काढलं. तरी तेच.

मग रात्री शांत बसल्यावर ध्यानात आलं. 'शटडाउन' केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळं अर्धं डिस्कवर झोपतं. 'रिस्टार्ट' केलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्येही, फास्ट बूट असतं, ते यूएसबीची तपासणी टाळून पुढं पळतं. म्हणजे मी बटण दाबत होतो तेव्हा कीबोर्ड जागाच झालेला नसायचा. शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्जमध्ये, म्हणजे बायोसमध्येच, गेलो, फास्ट बूट बंद केलं. एफ१२ पहिल्याच दणक्याला लागलं! रॅमची तपासणी चालू झाली आणि तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसनं पाच मिनिटं काढली.

सकाळी पुन्हा एफ१२ मुकं. बायोसमध्ये गेलो तर फास्ट बूट परत चालू, आणि तारीख कितीतरी वर्षं मागची. तेव्हा सगळा उलगडा झाला. रात्री दुकान बंद करताना मी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटणच बंद करतो. मशीनच्या आतल्या मदरबोर्डावरचा सेल मेला होता, त्यामुळं वीज तुटली की मशीन घड्याळही विसरायचं आणि माझी सेटिंगही. सकाळी सरकारी साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडायची नाही, तेही त्या चुकीच्या तारखेमुळंच. मी महिनाभर नेटवाल्याशी उगीच भांडलो, त्याची माफी मागून आलो.

वायर काढून, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि मग सीआर२०३२ सेल बदलला. नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात मिळतो. आपली वीज जाते-येते त्यात हा सेल वेळीच बघायला हवा, हे माझं पक्कं मत झालंय.

तपासणी पूर्ण झाली. दोनपैकी एका रॅमला एरर आला. दुकान जिनिंगच्या रस्त्यावर, आत सगळी रुई आणि धूळ. ब्रशनं स्लॉट झाडला, रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसले आणि घट्ट बसवली. पुन्हा तपासणी केली, पास! चार दिवस झाले, मशीन बंद पडलं नाही. बाबांचा फॉर्म दुसऱ्याच दिवशी भरला आणि पावती त्यांच्या हातात दिली.

तू उद्या सकाळी दुकान उघडल्यावर, नेट लावायच्या आधी, मशीनची तारीख बघ. चुकीची निघाली तर आधी सेल बदल, मग बाकीचं. काय होतंय ते कळव. काकूंना नमस्कार.

तुझाच दोस्त