ओळीला मर्यादा घाला: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

रावेर तालुक्यात मी सेवा केंद्र चालवतो. केळीच्या फळपीक विम्याचे दिवस आले की शेतकरी खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि अटी स्वतः वाचू पाहतात. त्यांना वाचता येतं, अनेक जण पदवीधर आहेत. आडवी येते ती ओळ. एका योजनेच्या पानावर मजकूर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला, एकेका ओळीत दीडशेच्या वर अक्षरं. ओळ संपली की नजर उजव्या टोकाहून पार डावीकडे परतते आणि एवढ्या लांबून नेमकी पुढची ओळ सापडत नाही. एक काका काचेवर बोट ठेवून वाचत होते. कमी तापमानाच्या अटीवरून बोट थेट वाऱ्याच्या अटीवर गेलं. मधली जास्त तापमानाची अट सुटली. आमच्याकडे मे महिन्यात बागा होरपळतात, त्याच नुकसानीची ती अट!

रोमन लिपीत ४५ ते ७५ अक्षरांची ओळ सोयीची मानतात. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत ८० ही कमाल मर्यादा आहे, पण ती ‘ए’, ‘एए’, ‘एएए’ या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या ‘एएए’ पातळीवर. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना ‘एए’ पातळी धरतात, म्हणून ही मर्यादा कुणावर बंधनकारक होत नाही. मराठीसाठी तर ती जास्तच गरजेची आहे. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतात. ओळी खेटून आल्या की ते एकमेकांत अडकतात आणि पुढची ओळ शोधणं आणखी अवघड होतं. संगणक ‘क्षे’ हे एक अक्षर चार चिन्हं म्हणून मोजतो, त्यामुळे मोजणी शब्दांतच करावी. माझ्या मते ओळीला दहा-बारा शब्द पुरेत आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून कमी नसावं.

मोबाइलवर उलटा त्रास. शासन निर्णय येतो ए-फोर आकाराच्या पीडीएफमध्ये. अक्षर दिसावं म्हणून मोठं केलं की प्रत्येक ओळ बोटाने डावी-उजवी ओढत वाचावी लागते. शेतात उभा राहून असा जीआर कोण वाचणार? ३२० पिक्सेल, म्हणजे लहान मोबाइलच्या पडद्याएवढ्या रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, हा निकष तर ‘एए’ पातळीवरचाच आहे.

मजकुराच्या चौकटीला कमाल रुंदी देणं हे सीएसएसमधल्या, वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतल्या, एका ओळीचं काम आहे. ती पिक्सेलमध्ये नको, अक्षराच्या आकारावर ठरणाऱ्या ‘एम’ या मापात द्यावी, म्हणजे अक्षर मोठं केलं तरी ओळीत शब्द तेवढेच राहतील. तक्ते हवे तर रुंद असू द्या. मात्र ही अट संकेतस्थळांच्या निविदेतच घाला आणि प्रत्येक शासन निर्णय पीडीएफसोबत साध्या वेबपानावरही द्या. सुरुवात फळपीक विम्याच्या अटींपासून करावी, ही विनंती.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
ता. रावेर, जि. जळगाव