पुसलेल्या प्रमेयाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्याला माझे नाव माहीत असण्याचे कारण नाही. गेल्या महिन्यात पुण्यातील एका सेमिनारमध्ये आपण गणितातील हायपरबोलिक गटांवर व्याख्यान दिलेत. शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेला आणि वेळ संपायला सात-आठ मिनिटे उरली असताना मध्येच हात वर करणारा जो पन्नाशीचा गृहस्थ होता, तो मी. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मी बावीस वर्षे बीएस्सीच्या मुलांना गट सिद्धांत, म्हणजे ठरावीक नियमांनी एकमेकांशी गुणता येणाऱ्या घटकांच्या समूहांचे गणित, शिकवतो. लाग्रांज, सिलो आणि परीक्षेत हमखास येणारी चार प्रमेये, एवढीच माझी धाव. संशोधन हातून झालेले नाही. वर्षातून चार-पाच वेळा पहाटेची एसटी धरून व्याख्याने ऐकायला येतो, इतकाच माझा त्या जगाशी संबंध.

हे पत्र लिहायला महिना लागला. एका शंकेचे उत्तर मिळाले म्हणून एवढे भरून यावे हे वयाला शोभत नाही, असे वाटून दोनदा कागद बाजूला ठेवला. पण त्यामागे अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय आभारांना अर्थ येणार नाही. दुसऱ्या एका नामवंत संस्थेत टोपोलॉजीवरचे, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारगुणांच्या शास्त्रावरचे, व्याख्यान चालू असताना, फंडामेंटल ग्रुप (एका बिंदूतून निघून तिथेच परतणाऱ्या वाटांचा गट) काढण्यासाठी निवडलेला बिंदू बदलला तर गट तोच राहतो का, असे मी विचारले होते. वक्त्यांनी फळ्याकडचे तोंड न वळवता ‘धिस इज स्टँडर्ड’ म्हटले, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी, श्रोत्यांनी निदान प्राथमिक तयारी करून यावे, अशी पुस्ती जोडली. पुढच्या दोन रांगा हसल्या. प्रश्न तितका पोरकट नव्हता हे पुढे पुस्तकातून कळले: अवकाशात कुठूनही कुठेही वाटेने जाता येत असेल तर गट सारखेच निघतात, पण त्यांची एकमेकांशी जुळणी कोणत्या वाटेने गेलो यावर अवलंबून राहू शकते. हे सांगायला अर्धे मिनिट पुरले असते. त्यानंतर अकरा वर्षे मी कोणत्याही व्याख्यानात तोंड उघडले नाही.

आपल्या व्याख्यानाची पहिली वीस मिनिटे मला कळली, हेच मुळात नवल होते. गटाच्या प्रत्येक घटकासाठी एक ठिपका, आणि एका ठिपक्यातून जनकाने (ज्या मोजक्या घटकांपासून सगळा गट तयार होतो, त्यांपैकी एकाने) गुणून दुसऱ्यात जाता आले की मध्ये रेघ. गणितज्ञ केली यांनी १८७८ साली सुचवलेले हे चित्र मी वर्गात कधी काढलेच नव्हते. मग आपण सडपातळ त्रिकोणांवर आलात; त्यांच्या बाजू म्हणजे तीन ठिपक्यांमधल्या सर्वांत लहान वाटा. झाडासारख्या चित्रात त्रिकोणाची तिसरी बाजू उरलेल्या दोन बाजूंवर अक्षरशः पडून असते, तर चौकोनी गल्ल्यांच्या गावात तीच बाजू समोरच्या कोपऱ्यावरून वळसा घालून, लांबी तेवढीच ठेवून, वाटेल तितकी दूर जाऊ शकते. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे ज्यांच्या चित्रात त्रिकोणाची कुठलीही बाजू उरलेल्या दोन बाजूंपासून ठरावीक अंतरातच राहते अशा गटांना गणितज्ञ ग्रोमोव्ह यांनी १९८७ साली हायपरबोलिक म्हटले आणि दुसऱ्या प्रकारचे त्यातून वगळले, हे आपण सांगितलेत, तेव्हा माझ्या मनात तोच जुना किडा वळवळला. जनक आपण निवडतो. ते बदलले की चित्र बदलते. मग हा सडपातळपणा गटाचा, की आपण काढलेल्या चित्राचा?

हात कसा वर गेला, मला अजून सांगता येत नाही. मोडक्या इंग्रजीत मी कसेबसे विचारले. सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे पाहिले आणि हे आपण चहाच्या वेळी बोलू, असे सौजन्यानेच सुचवले. तिन्ही फळे भरलेले होते. मधल्या फळ्यावर आपण नुकतेच आपल्या मुख्य प्रमेयाचे विधान लिहायला घेतले होते. ‘तर’ या शब्दापर्यंत आपण आला होतात. त्या प्रमेयासाठीच सगळे जमले होते. आपण क्षणभर त्याच्याकडे पाहिलेत, डस्टर उचललेत आणि ते अर्धे विधान पुसून टाकलेत. ‘मला जागा लागेल,’ एवढेच म्हणालात.

मॅडम, मला आभार त्या पुसण्याचे मानायचे आहेत. उत्तर आज ना उद्या कुठल्या तरी पुस्तकात सापडले असते.

त्या मोकळ्या जागेत आपण पूर्णांक मांडलेत; तिथे गुणणे म्हणजे बेरीज. जनक म्हणून १ घेतला तर सरळ रेघ. मग २ आणि ३ हे जनक घेऊन आपण कमानी काढू लागलात, आणि शून्यातून एकावर जायला आता तीन पुढे, दोन मागे अशी दोन पावले लागतात, हे खडूने ठिपक्यांवर टकटक करत दाखवलेत. बघता बघता चित्र विणलेल्या पट्टीसारखे झाले. मग आपण स्वतः फळ्यापासून दूर, पार दारापर्यंत मागे गेलात आणि तिथून म्हणालात, आता बघा. खरोखरच ती पट्टी पुन्हा रेघ दिसत होती. जनक बदलले की अंतरे ताणली किंवा आखडली जातात, पण ठरावीक पटीच्या आतच. म्हणून त्रिकोणाच्या जाडीचा आकडा बदलतो, ती जाडी एका मर्यादेत राहते ही गोष्ट मात्र बदलत नाही. सडपातळपणा गटाचाच. वर ‘प्रश्न योग्य होता, ही गोष्ट मीच आधी सांगायला हवी होती,’ असेही आपण म्हणालात. पुढच्या रांगेतले दोन विद्यार्थी तेव्हा वहीत ते चित्र उतरवून घेत होते, हे मी पाहिले. त्यांनाही ते ठाऊक नसावे. फक्त हात माझा वर गेला होता.

परतीच्या एसटीत मला जर्मन गणितज्ञ माक्स डेन आठवत राहिले. जनकांच्या भाषेत लिहिलेला एखादा शब्द, म्हणजे जनकांची एखादी ओळ, गुणल्यावर गटाचा काहीच न बदलणारा घटक देते की नाही, हे ठरवण्याची पद्धत मिळेल का, हा प्रश्न त्यांनी १९११ साली मांडला. पृष्ठभागांपासून मिळणाऱ्या गटांसाठी त्यांनी तो सोडवलाही. सरसकट सगळ्या गटांसाठी अशी पद्धत असूच शकत नाही, हे रशियन गणितज्ञ नोव्हिकोव्ह यांनी १९५५ साली दाखवले. नाझी राजवटीत डेन यांना फ्रँकफुर्टमधील प्राध्यापकपद सोडावे लागले, देशही सोडावा लागला, आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेज या छोट्या, कलेसाठी नावाजलेल्या महाविद्यालयात काढली. तेथे ते चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलांना भूमिती शिकवत. ते ‘हे स्टँडर्ड आहे’ म्हणत असतील असे मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र समोरच्याला कळले नाही की वक्त्याची उंची वाढते, असा एक समज मूळ धरून आहे, आणि त्या समजापायी कितीतरी मागचे बाक कायमचे मुके झाले आहेत.

गेल्या आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात मी २ आणि ३ ची ती पट्टी काढली. एका मुलीने लगेच विचारले की सर, ४ आणि ६ घेतले तर? आम्ही ते काढून पाहिले. सम संख्या एकीकडे, विषम दुसरीकडे. चित्राचे दोन तुकडे पडले. ते दोन्ही मिळून जनक का होत नाहीत, हे त्या दिवशी मला शब्दांत सांगावे लागले नाही.

एक मात्र राहिले. आपले मुख्य प्रमेय ‘तर’ या शब्दावर थांबले, आणि वेळ संपल्यामुळे आपण ते पुन्हा लिहिले नाहीत. त्याच्या आधीचा भाग माझ्या वहीत आहे, पुढची दीड ओळ कोरी सोडली आहे. आपले यापुढचे व्याख्यान कुठे असेल ते कळले, तर पहाटेची गाडी धरून मी येईन.

आपला कृतज्ञ,
शेवटच्या बाकावरील एक प्राध्यापक