लाल किनार लालच ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

त्या दिवशी तुम्हाला घाईत "थँक्यू" म्हणालो, पण मागचे अकरा दिवस त्या एका शब्दात मावत नव्हते. म्हणून हे पत्र.

तुम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडच्या आमच्या चादरीच्या कारखान्यात आलात ते काकांच्या बिलिंगच्या कामासाठी. मी कोपऱ्यात जावा या कॉम्प्युटरच्या भाषेशी झटत होतो. माझ्या प्रोग्राममध्ये चादरीचं डिझाईन म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट: बाहेरच्या लिस्टमध्ये बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळ म्हणजे रंगांची लिस्ट. लाल किनारीचा मोर कॉपी करायचा, कॉपीची किनार निळी करायची, गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी-शेजारी दाखवायचे. पण कॉपी निळी केली की मूळही निळं! बरं, कॉपीत नवी ओळ वाढवली तर ती मूळ डिझाईनमध्ये दिसायची नाही. त्यामुळे कॉपी झालीय की नाही, हेच समजेना.

ज्या क्लासला फी मोजली तिथले सर म्हणाले, "क्लोन मार," म्हणजे जावाची तयार कॉपी करणारी मेथड वापर. मारला. तेच. पुण्यातल्या एका ओळखीच्यानं "आधी बेसिक पक्कं कर" म्हणून फोन ठेवला. कुठलं बेसिक, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? आणखी एकानं लिस्ट डॉट कॉपीऑफ सुचवलं. त्यानं कॉपीत ओळ वाढवायचीही बंदी झाली, रंग मात्र पहिल्यासारखेच दोन्हीकडे बदलत राहिले.

तुम्ही चहाचा कप हातात घेऊन स्क्रीनकडे पाहिलंत. उत्तर तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. तरी विचारलंत, "दोन्हीकडची पहिली ओळ डबल इक्वलनं तपासलीस का? इक्वल्स मेथड नको, ती फक्त आतले रंग जुळतात का बघते." तपासली. ट्रू आलं. म्हणजे ओळ नुसती सारखी नव्हती, तीच होती.

मग तुम्ही टेबलावरचं रजिस्टर उचललंत. "समज, यात डिझाईन नाहीतच, कुठलं डिझाईन कुठल्या कपाटात आहे एवढंच लिहिलंय. याची झेरॉक्स काढलीस. झेरॉक्सवर खाली नवी नोंद केलीस तर रजिस्टरात येणार नाही. पण झेरॉक्स वाचून कपाट उघडलंस, तर कपाट तेच ना?"

मी कीबोर्ड तुमच्याकडे सरकवला. म्हटलं, तुम्हीच करा. तुम्ही तो परत माझ्यापुढे ठेवलात आणि कप घेऊन खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात, माझ्याकडे पाठ करून.

ताई, ती पाठ मला विसरता येत नाही. क्लासमध्ये मागे उभं राहून "च्च" करणारे पुष्कळ भेटले. कुणी बघत असलं की माझी बोटं चुकतात, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. मी दोनदा चुकलो, तुम्ही वळला नाहीत. खाली टेम्पोत गठ्ठे भरत होते, ते बघत राहिलात. लूप लावला, प्रत्येक ओळीसाठी नवी अ‍ॅरेलिस्ट केली, आणि विचारलं, आता रंगांचीही कॉपी करू का? तिकडूनच म्हणालात, "रंग स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आहेत ना? स्ट्रिंग बदलतच नाही. तिथंच थांब."

शिकलेली माणसं खूप असतात हो. समोरच्याला अडाणी न ठरवता शिकवणारी कमी.

रात्री काकांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "जेकॉर्ड मागाच्या भोकं पाडलेल्या नक्षीच्या कार्डांचा दुसरा सेट काढायचा तर आम्ही एकेक कार्ड नव्यानं पंच करायचो. एक सेट फाटला तरी दुसरा शाबूत." म्हणजे जे मला अकरा दिवस उमगलं नाही, ते आमच्या कारखान्यात काकांच्या तरुणपणापासून चालू होतं! तुम्हाला हे सांगायचंच होतं.

लाल किनार आता लालच आहे. निळ्या किनारीची पहिली चादर मागावरून उतरलीय, तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. "बिल करू नको," असं काकांनी मला दोनदा बजावलंय. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीआधी येऊन घेऊन जा. काकू शेंगाचटणीही बांधून देणार आहे.

तुमचा,
कोपऱ्यातला जावावाला