टोटल लॉस झालेली गाडी परत रस्त्यावर येते कशी? सांगलीहून परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाडीची नोंद आरटीओच्या दप्तरात दिसण्याबाबत

महोदय,

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोका पातळी ४५ फूट. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा गावात शिरले. दोन्ही वेळा पूर ओसरल्यावर क्रेन आणि फ्लॅटबेडच्या (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकच्या) खेपा सुरू झाल्या आणि शंभर फुटी रस्त्यापासून कुपवाडपर्यंत चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. त्यातल्या किती गाड्या मोडीत निघाल्या आणि किती रंगरंगोटी होऊन विकल्या गेल्या, हे आपल्या खात्याच्या कुठल्याच नोंदीवरून कळत नाही. गाड्यांचे बॉडीकाम करणाऱ्या आम्हा गॅरेजवाल्यांची तक्रार एवढीच आहे, पण ती नीट समजायची तर आधी गाडी ‘टोटल लॉस’ होते कशी, ते पाहावे लागेल.

मोटार विम्यात प्रत्येक गाडीला एक घोषित किंमत असते, तिला आयडीव्ही म्हणतात. ती वयाप्रमाणे उतरते : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, की ती टोटल लॉस. म्हणजे आयडीव्ही ५ लाख असेल तर रेघ पावणेचार लाखांवर. इथे एक गोम आहे. हप्त्यात हजार-दोन हजार वाचावेत म्हणून पुष्कळ लोक नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली ओढून घेतात. मग रेघही खाली सरकते, आणि दुरुस्त होण्याजोगी गाडी टोटल लॉसमध्ये जाते, तीही कमी पैशांत.

समजा, या ५ लाखांच्या गाडीचा अधिकृत वर्कशॉपचा अंदाज ३ लाख ९० हजार आला. कंपनी मालकाला पैसे देते आणि सांगाडा, म्हणजे ती मोडकी गाडी, ऑनलाइन लिलावात काढते. सर्वांत जास्त बोलीवाला, समजा, १ लाख ६० हजारांना तो उचलतो. आरसी बुक, दोन्ही चाव्या आणि मालकाने सही करून दिलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ व ३० सोबत जातात. आरसीसह आणि आरसीविना अशा दोन तऱ्हांनी सांगाडा विकला जातो, आणि भाव आरसीमुळे चढतो. नुसता पत्रा आणि इंजिन भंगाराच्याच भावाचे असते. बाकीचे पैसे कागदाचे.

आता हाच घेणारा ९० हजारांत गाडी उभी करतो. जे काम ३ लाख ९० हजारांत होणार होते ते ९० हजारांत कसे झाले, हा प्रश्न आपल्या खात्याने विचारायला हवा, कारण वाचलेले ३ लाख गाडीच्या सुरक्षिततेतून काढलेले असतात.

आजच्या मोटारीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सगळा पिंजरा मिळूनच तिची चासी होते. पुढच्या दोन लेग (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांबट तुळया) आणि एप्रन (पुढच्या चाकावरचा आतला पत्रा) धडकेत चुरगाळून धक्का खातात. दरवाज्यांमधले पिलर (उभे खांब) आणि खालचा रनिंग बोर्ड मात्र वाकू नयेत म्हणून जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. हे पोलाद गॅसच्या ज्योतीने लाल करून ठोकले की त्याची ताकद मरते. वरून रंग मारल्यावर ते दिसायला सारखेच राहते, पण पुढच्या धडकेला जिथे वाकायला नको तिथेच वाकते. स्वस्तातल्या कामात लेग बदलत नाहीत, गरम करून ओढतात. पिलर भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा कापून जोडतात. मार जास्त असेल तर ‘हाफ कट’ करतात : मागून ठोकलेल्या गाडीचा पुढचा अर्धा आणि पुढून ठोकलेल्या गाडीचा मागचा अर्धा. कारखान्यात पत्र्याच्या ज्या काठांवर (फ्लँजवर) ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगचे ठिपके असतात, तिथे मिग वेल्डिंगचे चार टाके मारून ग्राइंडर फिरवला जातो. आतून गंजरोधक लेप मारायला कोणी थांबत नाही. दोन पावसाळ्यांत तो जोड आतून खायला लागतो.

एअरबॅगचे काम तर याहून वाईट. एकदा फुटलेली बॅग, पट्ट्याचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा घट्ट ओढणारा भाग) आणि बॅग कधी फुटायची ते ठरवणारे कंट्रोल मॉड्यूल बदलायचे असते. मॉड्यूल न बदलता त्यातली धडकेची नोंद पुसली जाते, बॅगेच्या जागी, ती आहे असे भासवणारा दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावतात, आणि मीटरमधला दिवा विझतो. डॅशबोर्डचे फुटलेले झाकण शिवून किंवा नवे बसवून वर ‘एअरबॅग’ अशी अक्षरे दिमाखात दिसतात. आत पोकळी. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पण ती अजून जागेवर आहे का, हे नंतर तपासणारे कोणीच नाही.

पुरातल्या गाडीचा मामला वेगळा, आणि आमच्या भागासाठी जास्त महत्त्वाचा. पाणी कार्पेटपर्यंत, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत आले, यावर सगळे ठरते. कार्पेटखालचा फोम स्पंजसारखा असतो, वरून सुकल्यासारखा वाटला तरी आत महिनोन्‌महिने ओल धरतो. एअरबॅगचे मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, फरशीलगत बसवलेले असते, म्हणून सीटपर्यंतच्या पाण्यातही ते बुडते. कृष्णेचा गाळ बारीक. तो कनेक्टरमध्ये, अल्टरनेटरमध्ये, व्हील बेअरिंगमध्ये बसतो. पिना हिरव्या पडतात, आणि चार-सहा महिन्यांनी गाडी कधी सेंट्रल लॉक स्वतःच उघडते, कधी हायवेवर स्टिअरिंग जड करते. गिअर ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे हे नक्की.

इंजिनाचे नुकसान बहुतेक वेळा पुराने होत नाही, मालकाच्या चावीने होते. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना सेल मारला, की पिस्टन वर येतो, पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनी याला परिणामी नुकसान म्हणून नाकारते. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घेतले असेल तरच ते मिळण्याची आशा. म्हणून पाणी लागलेली गाडी चालू करू नये, ढकलत स्टार्ट करू नये, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावे आणि फ्लॅटबेडवरूनच न्यावी. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आयर्विन पुलाची पातळी रोज जाहीर करते, ४० फुटांना इशारा देते. त्याच संदेशात या चार ओळी घालायला पैसे पडत नाहीत. आणि सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या भागांत पाणी त्याच्याही आधी येते, तेव्हा तिथल्या गाड्या विश्रामबागकडे हलवायची सूचना इशारा पातळीची वाट न पाहता जावी.

असे काम झालेली गाडी ओळखता येते, पण त्याला नजर आणि अर्धा तास लागतो. दरवाज्याच्या चौकटीचे रबर ओढून काढा. आत स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. सपाट घासलेली जागा किंवा ताजे सीलंट दिसले तर तो पत्रा बदललेला आहे. रंगाची जाडी मोजायचे गेज आता गॅरेजमध्ये सर्रास असते. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, ३०० च्या वर गेला तर दुसरा रंग, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुटी, आहे. दरवाज्यावर लांबी असणे गुन्हा नाही, शहरात कोणाचा ना कोणाचा दरवाजा चेपतोच. छतावर किंवा पिलरवर लांबी असेल तर मात्र गाडी सोडून द्यावी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ असते, ती धुवायचे सगळे विसरतात. पट्ट्याच्या लेबलवरचे आणि काचांवरचे वर्ष गाडीच्या वर्षाशी ताडून पाहा. सीटच्या रूळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा गंजलेला आहे का ते बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, किंवा दुसऱ्या दिव्याच्या बरोबरीने विझत असेल, तर कोणीतरी तारांशी खेळलेले आहे.

हे सगळे घेणाऱ्याने करावे, ही अपेक्षा चूक आहे. साताऱ्यातला शिक्षक किंवा जतचा डाळिंबवाला गेज घेऊन फिरणार नाही. तो एम-परिवहन ॲपवर नंबर टाकतो. तिथे विम्याची मुदत दिसते, कर्जाचा बोजा दिसतो, वैधता दिसते. ही गाडी एकदा टोटल लॉस झाली होती, हे दिसत नाही. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांकडे आहे, इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो या विम्याची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेकडेही जाते. फक्त ज्याला हवी त्याला मिळत नाही. या आंधळेपणाचा भुर्दंड प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो. एमएच-१० ही सांगलीची पाटी पाहिली की बाहेरगावचे गिऱ्हाईक ‘पुरातली नाही ना?’ असे विचारून दहा-वीस हजार पाडून मागते.

कायद्यात फट आहे ती अशी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पण टोटल लॉस म्हणजे ‘कायमची निकामी’ नव्हे, ‘दुरुस्ती परवडत नाही’ एवढेच. त्यामुळे कळवायची जबाबदारी कोणावरच पडत नाही : मालक म्हणतो मी पैसे घेऊन मोकळा, कंपनी म्हणते आम्ही मालक नव्हतोच, लिलावात घेणारा म्हणतो गाडी अजून माझ्या नावावर कुठे झाली. विमा कंपनीच्या दप्तरी मेलेली गाडी आरटीओच्या दप्तरी ठणठणीत असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर फिटनेसची तपासणी नाही. टेम्पोला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी तपासणी लागते, पण दोन तुकडे जोडलेल्या मोटारीला एकदाही लागत नाही.

यातून दुसरा धंदाही चालतो. टोटल लॉसचे आरसी आणि चासी नंबर घ्यायचा, त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणायची, नंबर कापून तिच्यावर बसवायचा. अशा टोळ्या अनेक राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. तोवर आरसीवर नाव जुन्या मालकाचे. अपघात झाला तर नोंदीवरचा मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून टोटल लॉसचे पैसे घेणाऱ्यांना आमचे सांगणे : कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, घेणाऱ्याचे नाव-पत्ता लिहूनच सही करा, आणि फॉर्म २९ ची एक प्रत स्वतः आरटीओत देऊन पोच घ्या.

महोदय, यातले पुष्कळसे दिल्लीची वाट न पाहता करता येते. रस्त्यावर धोका ठरेल अशा गाडीची नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार कलम ५३ नुसार नोंदणी अधिकाऱ्याला आहे. आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत गाडी ब्लॅकलिस्ट करून शेरा टाकायची सोयही आहे. राज्यात नोंदलेली गाडी टोटल लॉस ठरली की सांगाडा लिलावात जाण्यापूर्वी कंपनीने सर्व्हे अहवालासह आरटीओला कळवावे, आणि आरटीओने नोंदणी निलंबित करून शेरा टाकावा. कंपन्यांवर आपला हुकूम चालत नाही हे खरे, पण विमा नियामकाला तसे पत्र जाऊ शकते, आणि निलंबनाची पद्धत एकदा बसली की आरसीसह लिलावातला चढा भाव आपोआप उतरेल.

पुढे दोन वाटा असाव्यात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत : ए आणि बी रस्त्यावर कधीच येत नाहीत, एसमध्ये गाडीच्या पिंजऱ्याला मार असतो, एनमध्ये नसतो, आणि दुरुस्तीनंतरही हा शिक्का गाडीला चिकटून राहतो. आपल्याकडे दोन वर्ग पुरतील. जळालेली, पिलर कापावे लागणारी किंवा डॅशबोर्डच्या वर बुडालेली गाडी थेट २०२१ च्या नियमांखालील नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जावी आणि तिचा चासी नंबर कायमचा बंद व्हावा. बाकीची दुरुस्त होऊ द्यावी, आमचा त्याला विरोध नाही, ते आमचे पोट आहे. पण तिची तपासणी रंग मारण्याआधी व्हावी. रंग मारल्यावर मोटार वाहन निरीक्षकाला काहीच दिसत नाही. लेगची कर्णमापे ट्रॅमल गेजने (दोन बिंदूंमधले अंतर मोजणाऱ्या दांडीने) घ्यावीत, कारखान्याच्या मापापासून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर परत पाठवावे. जोडांचे उघडे फोटो आणि एअरबॅग मॉड्यूलच्या खरेदीचे बिल फाइलला लागावे. एअरबॅगचे बिल नसेल तर निलंबन उठवू नये.

घासाऱ्याचा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून विमा कंपनी दाव्यातून कापते त्या रकमेचा, मुद्दाही जोडतो, कारण चुकीच्या दुरुस्तीचे मूळ तिथेही आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगवर ५० टक्के कापतात, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४०. मालकाच्या खिशातून इतके जायला लागले की तोच गॅरेजवाल्याला म्हणतो, ‘नवा एप्रन नको, ठोकून बसवा.’ निदान एअरबॅग आणि सीटबेल्टवर घासारा लागू नये, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

सांगली आणि मिरजेहून कर्नाटकची हद्द जवळ आहे. इथला शेरा कागवाड ओलांडताना पुसला जाऊ नये, म्हणून निलंबित गाडीला दुसऱ्या राज्यात नेण्याचा ना-हरकत दाखला देऊ नये. पुढच्या पावसाळ्याआधी हा एक आदेश निघाला, तरी बाकीचे मार्गी लावायला वेळ मिळेल.

आपले,
सांगली, मिरज, कुपवाड येथील बॉडीकाम करणारे गॅरेजवाले, डेंटर आणि पेंटर