मोठे प्रोग्राम आणि छोट्या टीममधले सांधे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत आज ‘ॲजाइल’ पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत पूर्ण करून दाखवत, काम चालते. सकाळची छोटी बैठक (स्टँडअप), दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा (स्प्रिंट), शेवटी झालेले काम दाखवणे (डेमो) हा क्रम नवख्या इंजिनीअरलाही पाठ असतो. तरीही वीस-पंचवीस टीम गुंतलेले मोठे प्रोग्राम (एकमेकांशी जोडलेल्या प्रकल्पांचे समूह) रखडतात आणि सुरू झाल्यावर अडखळतात, आणि मग ‘ॲजाइल मोठ्या कामाला चालत नाही’ असे म्हणून सारे खापर पद्धतीवर फोडले जाते. अशा प्रोग्रामच्या नियोजनात अनेक वर्षे काम केल्यामुळे हे निदान मला मुळातच चुकीचे वाटते. टीमचा वेग सहसा पुरेसा असतो. दोन टीमचे काम जिथे जोडले जाते, तो सांधा कोणाच्याच ताब्यात नसतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी ॲजाइलचा जाहीरनामा तयार केला. त्यातील विचार रोज एकमेकांशी बोलू शकणाऱ्या छोट्या टीमला सहज लागू पडतो, आणि स्क्रम या ॲजाइलच्या प्रचलित प्रकाराची मार्गदर्शिकाही टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांची असावी असे सांगते. दहा माणसांत संवादाच्या ४५ जोड्या होतात, शंभर माणसांत ४,९५०. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहिले होते की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो. तरी आपल्याकडे तारीख हुकू लागली की पहिला निर्णय माणसे वाढवण्याचाच होतो, आणि ज्यांना काम येते त्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो.

याच पट्ट्यातील एका कंपनीत कर्जवाटपाच्या प्रणालीचे मोठे काम मी जवळून पाहिले. प्रत्येक टीमचा अहवाल दर स्प्रिंटला हिरवा, म्हणजे सारे ठीक असल्याचा, होता. सर्वांचे काम एकत्र जोडून पाहण्याची चाचणी मात्र वेळापत्रकात अगदी शेवटी ठेवलेली होती. ती झाली तेव्हा कळले की, एक टीम ग्राहक क्रमांक अक्षरांसारखा साठवत होती आणि दुसरी आकडा म्हणून, त्यामुळे क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळून पडत होती. दोन्ही टीमचे काम आपापल्या जागी बरोबर होते. हे पहिल्या महिन्यात उघडकीस आले असते, तर दुपारभरात निस्तरले असते.

टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या, पुढे ‘लीन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीतून इथे शिकण्यासारखे बरेच आहे. तिथे दोष दिसताच कामगार दोरी ओढतो. लगेच सगळे काम ठप्प होत नाही. आधी गटप्रमुख धावून येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच उत्पादनाची साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी दोष देत नाही, हे त्यातले सर्वांत मोलाचे. आमच्याकडे ‘दुसऱ्या टीमचा इंटरफेस (दोन प्रणाली जोडणारा भाग) जुळत नाही’ असे सांगणाऱ्या कनिष्ठ इंजिनीअरकडे तक्रारखोर म्हणून पाहिले जाते, आणि तो पुढच्या वेळी गप्प बसतो.

दुसरी बाब हातातल्या कामांची. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम असा की, एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातील एकूण कामे भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामे. आठवड्याला पाच कामे संपवणाऱ्या टीमकडे चाळीस कामे चालू असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी आठ आठवडे लागतात. पंधराच चालू ठेवली, तर तीन. प्रोग्रामच्या बैठकीत मात्र ‘आणखी काय सुरू केले’ हाच प्रश्न विचारला जातो आणि काय पूर्ण झाले ते मागे पडते.

बेलापूर ते पेंधर ही ११.१ किलोमीटरची नवी मुंबई मेट्रोची मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाली. अशा मार्गिकेत रूळ, वीज, सिग्नल, गाड्या आणि मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी यांपैकी एक जरी बाकी असले, तरी एकही प्रवासी चढू शकत नाही. सॉफ्टवेअरचे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते, एवढाच फरक.

ठाणे आणि नवी मुंबईत मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले अशा नागरी सेवा संगणकावर आणणारी कामे यापुढेही निघतील. अशा निविदा काढताना हप्ते कागदपत्रांच्या पूर्ततेशी बांधण्याऐवजी, ठरावीक अंतराने जोडून चालवून दाखवलेल्या सेवेशी बांधावेत: आधी एकाच प्रभागातील नागरिकाला कर भरून पावती मिळू दे, मग पुढचे प्रभाग. टीमच्या सांध्यांची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्याकडे द्यावी आणि त्याला नवीन काम रोखण्याचा अधिकारही द्यावा. खासगी कंपन्यांतील वरिष्ठांनाही माझी हीच विनंती आहे. आपल्या दैनिकाने मोठ्या प्रकल्पांच्या बातम्या देताना, खर्च आणि तारखेबरोबर, ‘सर्व भाग एकत्र जोडून शेवटचे कधी तपासले’ हा प्रश्नही संबंधितांना विचारावा.

आपला,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई